‘डीजे’मधील तबकडी कोठे गेली?

अनंत चतुर्दशीला लालबागहून किंवा गिरगावातून जाणारी मिरवणूक तुम्ही पाहिली असेल. ‘आमच्या मंडळाने डीजे लावला आहे’ असे कोणी म्हणाले, की आपल्या डोळ्यांपुढे ट्रकवर रचलेली लाउडस्पीकरांची भिंत उभी राहते. पण डीजे हे मुळात यंत्राचे नाव नव्हे, माणसाचे आहे. डीजे म्हणजे ‘डिस्क जॉकी’. डिस्क म्हणजे गाण्याची तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार. तबकड्या निवडून त्या कौशल्याने वाजविणारा तो डीजे.

आता त्या ट्रकवर चढून शोधा. तेथे लॅपटॉप सापडेल, पेनड्राइव्ह सापडेल. तबकडी मात्र सापडणार नाही. नाव राहिले आणि तबकडी गेली. ती का गेली आणि तिच्याबरोबर आणखी काय गेले, ते आपण पाहू.

एकच चर, चारशे मीटर लांब

तबकडीच्या एका बाजूवर किती चर असतात, असा प्रश्न मी वर्गात नेहमी विचारतो. कोणी शंभर म्हणतो, कोणी हजार. खरे उत्तर आहे, एकच! तो बाहेरच्या कडेपासून मध्याकडे गोल गोल वळत जातो. मोठी तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. एक बाजू वीस मिनिटे वाजली, तर सुमारे ६६७ फेरे होतात. सरासरी फेरा ६५ सेंटिमीटरचा धरला, तर चराची लांबी सुमारे ४३० मीटर भरते.

हा चर साधा नसतो. त्याला अतिशय बारीक नागमोडी वळणे असतात. ही वळणे म्हणजेच आवाज. सुई त्यांतून जाऊ लागली, की वळणांप्रमाणे थरथरते. त्या थरथरीपासून अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. अॅम्प्लिफायर तो वाढवितो आणि कर्ण्यातून गाणे ऐकू येते. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीचा मार्ग दाखविला. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांत पळस-कुसुमाच्या झाडांवर किडे तयार करतात ती लाख असे. १९४८ पासून व्हायनिल या प्लास्टिकच्या ‘लाँग प्ले’ तबकड्या आल्या. पदार्थ बदलला, तत्त्व तेच राहिले. भिंगाखाली तबकडी धरली, तर गाणे चक्क डोळ्यांना दिसते.

सुईचा शत्रू

मी लहान असताना, १९८५ च्या सुमारास, गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीत लाउडस्पीकरवाला तबकड्यांची पेटी घेऊन येई. एका वर्षी जागेअभावी त्याने रेकॉर्ड प्लेअर मंडपातच, कर्ण्यांशेजारच्या फळीवर मांडला. गाणे सुरू झाले आणि त्याने आवाज वाढविताच कर्ण्यांतून ‘घूंऽऽ’ असा घोर आवाज येऊ लागला. गाणे त्यात बुडून गेले. त्याने घाईने आवाज कमी केला, प्लेअर उचलून तळमजल्यावरच्या एका खोलीत नेला आणि खाली गोधडीची घडी ठेवली. आवाज बंद!

याचे कारण काय? कर्ण्याच्या आवाजाने मंडपाची फळी हादरत होती. फळीबरोबर प्लेअर हादरला आणि सुईही. आता सुईला काय कळणार, की ही थरथर चराची आहे की फळीची? तिने तीही अॅम्प्लिफायरकडे पाठविली. ती मोठी होऊन कर्ण्यातून बाहेर पडली, फळी आणखी हादरली आणि हे चक्र वाढत गेले. शाळेच्या सभागृहात माइक लाउडस्पीकरसमोर आला की जी शिट्टी ऐकू येते, ती याच प्रकारची. गोधडीने काय केले? कंपनांची ऊर्जा शोषून घेतली आणि चक्र तोडले.

सुईची दुसरी अडचण म्हणजे धक्का. तबकडीवर तिचा भार अवघा काही ग्रॅमचा असतो. धक्का बसला की ती उडून दुसऱ्याच फेऱ्यात पडते. काही लाउडस्पीकरवाले सुईच्या दांड्यावर चार आण्याचे नाणे ठेवीत. सुई उडत नसे, पण टोकाखालचा दाब वाढून चर लवकर झिजत असे.

हाताखालची तबकडी

एवढ्या नाजूक यंत्राचे वाद्य बनविले ते डीजेंनी. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने दोन प्लेअर शेजारी ठेवून गाण्यातला ढोलाचा तुकडा आळीपाळीने वाजवीत लांबविला. पुढे तबकडी हाताने मागेपुढे घासून ताल काढण्याची रीत निघाली.

यासाठी खास यंत्र हवे होते. साध्या यंत्रात मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरविते. हाताने अडविली तर पट्टा घसरतो आणि गती सावरायला वेळ लागतो. जपानच्या टेक्निक्सने १९७२ मध्ये आणलेल्या एसएल-१२०० या यंत्रात थाळी थेट मोटरच्या आसावर बसविली होती. १९७९ च्या सुधारित यंत्रात एका सरकपट्टीने गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई, म्हणून दोन गाण्यांचा ठेका जुळविता येई. थाळी आणि तबकडी यांच्यामध्ये लोकरी नमद्याची चकती असे. घर्षण कमी असल्यामुळे वरची तबकडी हाताने थोपविली तरी खालची थाळी फिरतच राही. घर्षणाचा धडा शिकविताना याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही!

सुई निघून गेली

आपल्या मंडपांतून तबकडीला प्रथम हटविले ते कॅसेटने. डीजेंच्या टेबलावरून तिला हटविले सीडीने. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत चराची वळणे नसतात, आकडे असतात. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ते आकडे साठविलेले असतात आणि ते लेसर किरणाने वाचले जातात. स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. २००१ मध्ये पायोनियरने आणलेल्या सीडीजे-१००० यंत्रावर तर तबकडीसारखी चकती होती. ती हाताने फिरवून जुनी करामत करता येई. पुढे आकडे संगणकात आणि पेनड्राइव्हमध्ये गेले. शंभर तबकड्यांची पंचवीस किलोची पेटी खिशात मावू लागली. २०१० मध्ये टेक्निक्सने एसएल-१२०० चे उत्पादन थांबविले. २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे जुने गाण्यांचे दुकान मात्र बंद झाले.

आता पहारेकरी कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हलणाऱ्या ट्रकवर, लाउडस्पीकरांच्या भिंतीला खेटून, सुई कधीच टिकली नसती. पेनड्राइव्हमध्ये थरथरणारे काहीच नाही. त्याला धक्का लागत नाही, तो ‘घूं’ करीत नाही. शक्तिशाली अॅम्प्लिफायर आले हे खरेच. पण आवाज फार झाला की ओरडून सांगणारी सुई त्याच वेळी निघून गेली. सुई ही एक प्रकारे पहारेकरी होती.

आज तिच्या जागी कायदा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकीत डीजे वाजविण्यास तातडीची मुभा देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ९५ डेसिबलचा आवाज ५५ डेसिबलच्या दहा हजार पट तीव्र! कामगारांसाठीचा एक प्रचलित दंडक असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांहून अधिक थांबू नये आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. शंभर डेसिबलला किती वेळ उरतो, ते स्वतः काढा. उत्तर पंधरा मिनिटे येईल.

आपल्या कानाच्या आतही सुईसारखेच थरथरणारे काही आहे. त्या केसपेशी. तबकडी झिजली तर दुसरी आणता येते. केसपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

करून पाहा

१. जुन्या बाजारातून खराब झालेली तबकडी आणा. चांगली घेऊ नका, टाचणीने ती बिघडेल. जाड कागदाचा कर्णा करून टोकात टाचणी खोचा. तबकडी पेन्सिलीवर बसवून एका हाताने फिरवा आणि टाचणी चरावर अलगद टेकवा. वीज नसतानाही बारीक आवाज ऐकू येईल. गती वाढविली की सूर का चढतो, याचा विचार करा.

२. पुढच्या मिरवणुकीत फोनवरील डेसिबल मोजणाऱ्या अॅपने लाउडस्पीकरपासून १०, २० आणि ४० मीटरवर आवाज मोजा. आकडे अगदी अचूक नसतील, पण तुलना करता येईल. तो तक्ता आपल्या मंडळाच्या सभेत वाचून दाखवा.