परदेशी दीर्घ वास्तव्य (लेखांक सहावा) : मुक्कामाची मुदत आणि औषधांचा डबा

मागील लेखांकात पारपत्राचा विचार झाला. जन्मदाखल्यावरचे नाव एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे दुसरे आणि आधार कार्डावरचे तिसरे, अशा तीन नावांच्या एकाच माणसाची रुजुवात होता होता मुरबाड-शहापूरकडील मंडळींचे महिने कसे जातात, हे त्यात सांगितले होते. ते वाचून ज्यांनी ज्यांनी मला बाजारपेठेत थांबविले, त्या बहुतेकांचा पुढचा प्रश्न एकच होता : व्हिसा दहा वर्षांचा मिळाला आहे, तेव्हा आता हवे तितके दिवस राहता येईल ना? या प्रश्नात जो गैरसमज दडला आहे, तो दूर केल्यावाचून विम्याच्या विषयाकडे वळता येत नाही. म्हणून आधी मुक्कामाची मुदत पाहू.

वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून गेले म्हणजे माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण दिसतो. घाटाने जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकीत असत, असे परंपरा सांगते. आणि तेथल्याच लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा व्यापारी तेथे जकात भरी, म्हणजे त्याला वाट मोकळी होई. पण जुन्नरात उतरावयाचे कोठे, राहावयाचे किती दिवस आणि आजारी पडल्यास भार कोणावर, याचा त्या रांजणाशी काहीही संबंध नसे. रहदारी हा शब्द आज आपण गर्दीच्या अर्थाने वापरतो. त्याचा जुना अर्थ वाटेने जाण्याचा परवाना असा आहे. व्हिसा ही त्या जुन्या अर्थाची रहदारी होय. मुक्कामाची अनुज्ञा ही वेगळी गोष्ट, आणि आजारपणाची तरतूद ही तिसरी.

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्या तालुक्यातील वडीलधारी मंडळी मुलांकडे जातात ती बहुधा तिकडेच. भेटीसाठीचा बी-2 व्हिसा भारतीय नागरिकास पुष्कळदा दहा वर्षांच्या मुदतीचा मिळतो. परंतु त्या दहा वर्षांचा अर्थ एवढाच की, त्या अवधीत त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन प्रवेश मागता येतो. आत किती दिवस राहावयाचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवितो, आणि बहुधा सहा महिन्यांची जी तारीख तो देतो, ती आय-94 या नावाच्या नोंदीत चढते. पूर्वी या नोंदीचा कागद पारपत्रात टाचून मिळत असे. 2013 पासून विमानाने जाणाऱ्यांच्या बाबतीत ती संगणकावरच राहते, आणि म्हणून ती पाहण्याचे भान कोणास राहत नाही. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत मुलाने अथवा सुनेने ती नोंद उघडावी, नाव, जन्मतारीख आणि मुदत यांची खातरजमा करावी, आणि एक प्रत छापून घरात ठेवावी, हे मी आग्रहाने सांगतो. अधिक राहणे अपरिहार्यच झाले, तर मुदत संपण्यापूर्वी वाढीसाठी दरखास्त करता येते. पण दरखास्त न करता मुदत एका दिवसानेही ओलांडली, तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्दबातल होतो. 180 दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून मग देश सोडला तर तीन वर्षे, आणि वर्षभर वा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. नातवाचे बारसे पाहून परतलेल्या आजीला त्याची मुंज पाहता येऊ नये, याहून मोठी शिक्षा ती कोणती?

इतर देशांचे नियम थोडक्यात सांगतो. युरोपातील शेंगेन करारातल्या देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, आणि त्या अल्प मुक्कामासाठीही निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा दाखविल्यावाचून व्हिसा मिळत नाही; त्याहून अधिक राहावयाचे तर त्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. जर्मनीस शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने आरोग्यविमा तर घ्यावाच, शिवाय वर्षाच्या निर्वाहाचे 11,904 युरो बंद खात्यात ठेवल्याचे दाखवावे, असा दंडक 2024 पासून आहे. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ जाणाऱ्याकडून व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य-अधिभार वसूल केला जातो. 2024 पासून तो वर्षाला 1,035 पौंड आणि विद्यार्थ्यांस 776 पौंड असा आहे, आणि आपल्याकडून जाणाऱ्यास क्षयरोगाच्या तपासणीचा दाखलाही लागतो. भेटीस जाणाऱ्या आईबापांना हा अधिभार पडत नाही. पण इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर तेथील दराच्या दीडपट आकारणी होते, ही गोष्ट मुले सांगावयास विसरतात. कॅनडाने आईवडिलांसाठी व आजीआजोबांसाठी 2011 मध्ये ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. 2022 पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षे राहता येते, परंतु निदान एक वर्षाचा आणि एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा आधी दाखवावा लागतो. या सर्व परदेशी कचेऱ्यांत लागणाऱ्या आपल्या दाखल्यांचे प्रमाणीकरण कोठे व कसे करावयाचे, याचा विचार पुढील लेखांकी करू.

मात्र एका वर्गाविषयी येथे सविस्तर लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. औद्योगिक वसाहतीत जोडकाम शिकलेला, किंवा आसनगाव-कल्याण गाडी चालवून हात बसलेला तरुण, दहावीची परीक्षा पार न करता आखाती देशांत कामासाठी जावयास निघतो. अशाच्या पारपत्रावर उत्प्रवासासाठी अनुमती आवश्यक असल्याची नोंद असते, आणि सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, संयुक्त अरब अमिराती यांसह 18 देशांत नोकरीसाठी जाताना 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे उत्प्रवासी-संरक्षकाची मंजुरी त्याला घ्यावी लागते. या मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी सक्तीची आहे. तिचा हप्ता दोन वर्षांस 275 रुपये आणि तीन वर्षांस 375 रुपये. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये, इस्पितळाच्या खर्चास एक लाखापर्यंत, आणि परक्या मुलुखात प्राण गेल्यास देह घरी आणण्याचा खर्च, एवढी तरतूद या किरकोळ रकमेत होते. आता दलाल काय करतात ते पाहा. मंजुरीची दिरंगाई नको म्हणून ते मुलाला भेटीच्या व्हिसावर चढवितात आणि तिकडे गेल्यावर तो बदलून देऊ असे सांगतात. मंजुरी टळली की विमा टळतो, नोंदलेला करारनामा टळतो, आणि हा मुलगा कोणाच्या नोकरीवर गेला याचा पुरावा सरकारी दप्तरात कोठेच उरत नाही. भेटीच्या व्हिसावर कामाला पाठविणाऱ्या माणसाच्या हाती पैसा देऊ नये. शेत गहाण टाकून जमविलेला पैसा तर मुळीच देऊ नये.

आता भेटीस जाणाऱ्या आईबापांच्या विम्याकडे वळतो. अमेरिकेच्या बी-2 व्हिसास विम्याची अट नाही. अट नाही म्हणून तो खर्च वाचवावयाचा, असा विचार करणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत; परंतु त्या देशात पाहुण्याच्या आजारपणाचा भार सरकार उचलीत नाही, आणि इस्पितळातल्या दोन-चार दिवसांचे देयक आपल्याकडच्या घराच्या किमतीला जाऊन भिडते. म्हणून विमा घ्यावाच. मात्र घेताना त्याचा मसुदा वाचावा. काही योजनांत प्रत्येक उपचाराची ठराविक रक्कमच मिळते आणि उरलेला सारा खर्च आपल्याला पडतो. काही योजनांत आरंभीचा ठराविक वाटा आपण उचलला की पुढचा खर्च कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. पहिल्या प्रकारचा हप्ता कमी म्हणून लोक तिकडे वळतात; वयस्कर माणसासाठी माझी शिफारस निःसंशय दुसऱ्या प्रकाराची आहे. आपल्याकडे घेतलेल्या पॉलिसीची मुदतही पाहावी, कारण ती पुष्कळदा 180 दिवसांहून अधिक नसते, आणि वाढवावयाची तर संपण्यापूर्वीच वाढवावी लागते.

खरा प्रश्न पूर्वीपासून असलेल्या आजाराचा. साखर, रक्तदाब, हृदयविकार यांचा नेहमीचा उपचार अशा विम्यात बहुधा बसत नाही. परंतु तोच आजार अकस्मात उफाळून प्राणावर बेतला, तर पुष्कळ योजना मर्यादित रक्कम देतात. अमेरिकी योजनांत 24 तासांच्या आत उपचार घेतलेला असावा अशी अट सामान्यतः असते, आणि सत्तरीनंतर व ऐंशीनंतर ही मर्यादा घटत जाते. विम्याच्या कराराचा पाया परम सद्भावाचा मानला आहे : विचारलेले सत्य सांगावे, म्हणजे करार टिकतो, लपविले, म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज पडते त्याच दिवशी तो मोडतो.

हे शास्त्र मी लिहीत असतानाच ते आमच्या शेजारच्या ओटीवर घडले. शेजारी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. ते आणि त्यांच्या पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाले आहेत, आणि म्हशाची जत्रा आटोपली की जावयाचे असा बेत आहे. विम्याचा अर्ज एका दलालाने भरून आणला होता. त्यात पूर्वीच्या आजाराच्या रकान्यात दोघांच्याही नावापुढे ‘नाही’ असे लिहिलेले होते. तसे लिहिले म्हणजे हप्ता कमी येतो आणि तपासणी टळते, असे तो सांगून गेला होता. गुरुजींनी सहीसाठी लेखणी उचलली, तेव्हा बाई आतून औषधांचा डबा घेऊन आल्या. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात सकाळच्या गोळ्या एका वाटीत, रात्रीच्या दुसऱ्या वाटीत, आणि तळाशी रिकाम्या पट्ट्या घडी करून ठेवलेल्या, म्हणजे दुकानदाराला दाखविता याव्यात.

“सहा वर्षं मी ही साखरेची गोळी घेत्येय,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही माझ्या नावापुढे नाही म्हणून सही करणार?”

गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. मग आम्ही तिघे बसलो आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरला. बाईंच्या रकान्यात मधुमेह, गुरुजींच्या रकान्यात रक्तदाब, कधीपासून, कोणते औषध, किती मात्रा. हप्ता वाढला, हे खरे. तो मुलीने द्यावा की आपण, यावर नवराबायकोचे थोडे बोलणेही झाले. पुढे मी त्यांना सांगितले की, औषधांची नावे कंपनीच्या छापाची न लिहिता मूळ द्रव्याची लिहावीत, कारण आपल्याकडचा छाप तिकडच्या डॉक्टरास ओळखता येत नाही. मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन ही नावे मात्र त्याला कळतात. गुरुजींनी ती फळ्यावर लिहावीत तशा वळणदार अक्षरांत एका रेघांच्या कागदावर उतरविली. खाली डॉक्टरांची सही व शिक्का घ्यावयाचा ठरला.

मग हिशेब निघाला. पाहुण्याने स्वतःपुरते साधारण 90 दिवसांचे औषध बरोबर आणावे, आणि मुक्काम त्याहून लांबल्यास उरलेले औषध डॉक्टरांची चिठ्ठी व पारपत्र-व्हिसाच्या प्रती जोडून मागवावे, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. बाईंच्या दिवसाला दोन गोळ्या; 90 दिवसांच्या 180; दहाची एक पट्टी, म्हणजे अठरा पट्ट्या मूळ वेष्टनात हाताच्या पिशवीत न्यावयाच्या, आणि चिठ्ठीची एक प्रत येथे राहणाऱ्या धाकट्या मुलाजवळ ठेवावयाची, म्हणजे पुढच्या अठरा त्याला धाडता येतील. वाट्यांतल्या सुट्या गोळ्या मात्र बरोबर नेऊ नयेत असे मी म्हटले, तेव्हा बाईंना ते पटावयास जरा वेळ लागला. डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. गुरुजी त्याच संध्याकाळी पेठेत जाऊन आले. दुकानात बारा पट्ट्या मिळाल्या. उरलेल्या सहा कल्याणहून यावयाच्या आहेत.