मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम : नोंदणी आणि पूर्ती यांतील अंतर

माहिती तंत्रज्ञानाच्या युगात ज्ञानाची दारे सर्वांसाठी खुली झाली आहेत, असे वारंवार म्हटले जाते. या विधानात तथ्य आहे. मात्र उघड्या दारातून आत आलेले किती जण अखेरपर्यंत थांबतात, हे पाहणेही अगत्याचे आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एम.आय.टी. या संस्थेने २००१ मध्ये आपले अध्यापनसाहित्य जगाला विनामूल्य देण्याचे जाहीर केले. पुढे २०१२ मध्ये एम.आय.टी. व हार्वर्ड यांनी एडएक्स हा संयुक्त उपक्रम स्थापन केला. याच उपक्रमाच्या विद्युत मंडले व इलेक्ट्रॉनिकी या पहिल्या अभ्यासक्रमाची आकडेवारी बोलकी आहे. नोंदणी १,५४,७६३ जणांची. पहिला गृहपाठ उघडून पाहणारे ६९,२२१. त्यात किमान एक गुण मिळविणारे २६,३४९ आणि प्रमाणपत्र मिळविणारे ७,१५७, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. अर्थात नोंदणी करणारा प्रत्येक जण पूर्तीच्या हेतूनेच येतो असे नाही, आणि ७,१५७ ही संख्यादेखील एखाद्या प्राध्यापकाच्या वर्गात बसण्यासारखी नव्हे!

या अभ्यासक्रमात पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्यांत मंगोलियाच्या उलानबातर शहरातील एक पंधरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्या यशाचा सर्वत्र गौरव झाला. परंतु त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम.आय.टी.चे पदवीधर होते व प्रत्यक्ष प्रयोग करवून घेण्यासाठी अमेरिकेहून एक संशोधक विद्यार्थी तेथे आला होता, या बाबीकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाचा अनुभव याच दिशेने निर्देश करतो. तेथे २०१२ मध्ये एडएक्सचा हाच अभ्यासक्रम प्राध्यापकांच्या मार्गदर्शनासह वर्गात वापरण्यात आला. त्या तुकडीत ९१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. पारंपरिक तुकड्यांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आत होते. याउलट, युडॅसिटीच्या सहकार्याने २०१३ च्या आरंभी प्रामुख्याने ऑनलाइन चालविलेल्या पायाभूत गणितादी विषयांचे निकाल इतके निराशाजनक लागले की जुलैमध्ये तो प्रयोग स्थगित करावा लागला. त्याच वर्षी तेथील तत्त्वज्ञान विभागाच्या प्राध्यापकांनी हार्वर्डचे मायकेल सँडेल यांच्या ध्वनिचित्रित व्याख्यानांवर आधारित अभ्यासक्रम स्वीकारण्यास जाहीर पत्राद्वारे नकार दिला. अशा योजनांमुळे विभागातील अध्यापकांची जागा चित्रफिती घेतील, ही त्यांची भीती होती. ती अनाठायी म्हणता येणार नाही.

भारतात २०१७ पासून ‘स्वयम्’ हे शासकीय व्यासपीठ उपलब्ध आहे. येथे अध्ययन विनामूल्य असून प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी शुल्क आकारले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात. तेव्हा अशा विद्यार्थ्याच्या शंका सोडविण्यासाठी महाविद्यालयातील कोणता अध्यापक, कोणत्या तासिकेत उपलब्ध असेल व ते काम त्याच्या कार्यभारात कसे मोजले जाईल, हे प्रत्येक विभागाने वेळापत्रक आखतानाच निश्चित करावयास हवे.