आतड्याची बेरियम तपासणी : संकोच नको, पूर्वतयारी हवी

पोटदुखीची तक्रार माणूस चारचौघांत सांगतो. शौचाची तक्रार मात्र घरच्यांपासूनही दडवितो. शौचावाटे रक्त पडू लागले की ती मूळव्याधच, असे गृहीत धरून घरगुती उपचारांत महिने निघून जातात. वास्तविक मोठ्या आतड्यातील गाठ, कर्करोग, दीर्घकालीन दाह किंवा क्षयरोग यांचेही ते लक्षण असू शकते. डॉक्टरांनी तपासणी सुचविली, तरी तिचे स्वरूप ऐकूनच काही रुग्ण परत फिरतात. ‘बेरियम एनिमा’ ही अशीच एक तपासणी होय.

तपासणीमागील तत्त्व

विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. हाडे हे किरण अडवितात, म्हणून ती छायाचित्रात स्पष्ट उमटतात. आतडे मऊ असल्याने त्याची आकृती तशी उमटत नाही. त्यासाठी किरण अडविणारा पदार्थ आतड्यात भरावा लागतो. प्रारंभी याकरिता बिस्मथची संयुगे वापरीत. १९१० च्या सुमारास त्यांची जागा बेरियम सल्फेटने घेतली. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट मात्र पाण्यात विरघळत नाही आणि शरीरात शोषले जात नाही, म्हणूनच ते या कामी निवडले गेले. बेरियमच्या पातळ लेपानंतर आतड्यात हवा भरण्याची पद्धत १९२३ मध्ये पुढे आली. तिच्यामुळे आतड्याच्या अस्तरावरील बारीक उंचवटेही दिसू लागले.

पूर्वतयारी

सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे पूर्णपणे रिकामे असणे आवश्यक असते. मळ राहिल्यास तो गाठीसारखा भासतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. यास्तव एकदोन दिवस हलका, चोथाविरहित आहार, नंतर केवळ पातळ पदार्थ व रेचक घ्यावे लागते. अनेकांना प्रत्यक्ष तपासणीपेक्षा ही रात्रच अधिक जड जाते. ज्याच्या घरी शौचालय नाही, किंवा ज्याला पहाटेच्या एस.टी.ने जिल्ह्याचे ठिकाण गाठावयाचे आहे, त्याच्यापुढे तर मोठीच अडचण असते. अशा रुग्णाची आदल्या रात्री रुग्णालयात किंवा शहरातील नातेवाइकांकडे सोय करणे हिताचे ठरते. मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, तसेच गर्भधारणेची शक्यता असल्यास, ते डॉक्टरांना आधीच सांगणे अत्यावश्यक आहे.

प्रत्यक्ष तपासणी

रुग्णास कुशीवर निजवून गुदद्वारातून एक मऊ नळी आत सरकवितात आणि तिच्यावाटे बेरियमचे मिश्रण व हवा सोडतात. पोट फुगते, कळा येतात, शौचास जाण्याची तीव्र भावना होते. याच अवस्थेत या कुशीवरून त्या कुशीवर वळत काही क्षण श्वास रोखावा लागतो. संकोच आणि अस्वस्थता दोन्ही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि हे सर्व साधारणतः अर्ध्या ते एक तासात आटोपते. दीर्घ, संथ श्वासाने कळ सोसण्यास मदत होते. वेदना असह्य झाल्यास तसे तत्काळ सांगावे. तो रुग्णाचा हक्क आहे. नंतर एकदोन दिवस शौचास पांढरट होते. बद्धकोष्ठ टाळण्यासाठी भरपूर पाणी प्यावे. तीव्र पोटदुखी, ताप किंवा रक्तस्राव झाल्यास मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे. आतड्यास छिद्र पडणे ही गुंतागुंत विरळा असली, तरी गंभीर असते.

अन्य मार्ग

आज दुर्बिणीच्या तपासणीने या पद्धतीची जागा बहुतांशी घेतली आहे. दुर्बिणीतून संशयित भागाचा तुकडा घेता येतो आणि लहान गाठी तेथेच काढता येतात. आपल्याकडे याचे विशेष महत्त्व आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स व्याधी छायाचित्रांत पुष्कळदा सारख्याच दिसतात, उपचार मात्र भिन्न असतात. अरुंद झालेल्या भागातून दुर्बीण पुढे जात नसेल, तर सी.टी. स्कॅनद्वारे आतडे पाहता येते. त्यातही नळीने हवा भरावी लागते, परंतु तपासणी लवकर आटोपते. कोणता मार्ग योग्य, हे रुग्णाची प्रकृती आणि उपलब्ध सोय पाहून डॉक्टर ठरवितात.

गावपातळीवरील कार्य

शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, शौचावाटे रक्त, अकारण वजन घटणे किंवा रक्तक्षय आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, ही गोष्ट शिक्षक व पंचायत सदस्यांनी सांगितल्यास लोक ती ऐकतात. तपासणीत काय होणार, हे रुग्णास आधी समजावून सांगणे आणि सोबतीस एक विश्वासू माणूस देणे, एवढ्यानेही निम्मी भीती ओसरते. आतड्याचा कर्करोग लवकर आढळल्यास बरा होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. त्या लाभापुढे एका रात्रीचा त्रास आणि तासाभराचा संकोच अल्पच म्हणावा लागेल.