पेट्रोलवरचं छोटं हेलिकॉप्टर, इंजिनाची थरथर आणि गोंधळलेला जायरो



आजचा पाठ पुस्तकातला नाही. दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी शाळेच्या मैदानावर मॉडेल हेलिकॉप्टर घेऊन आला. जुनंच विकत घेतलेलं, पेट्रोल इंजिनाचं. रंधा यंत्रावर काम करून जमवलेल्या पैशातून घेतलेलं. गावातली पोरं भोवती गोळा झाली. मी आधी सगळ्यांना व्हरांड्याच्या भिंतीमागे उभं केलं, कारण मिनिटाला दीड हजार फेरे घेणारी पाती म्हणजे खेळणं नव्हे.

तो म्हणाला, "बाई, जायरो खराब झालाय. इंजिन बंद असताना एकदम बरोबर चालतो. पण इंजिनाने वेग घेतला की शेपटी आपोआप डावीकडे सरकते. नवीन घ्यावा लागणार, दोन महिन्यांचा पगार जाईल."

जायरो खरंच खराब होता का? आधी तो काय काम करतो ते बघू. मोठी पाती एका दिशेने फिरतात, तेव्हा हेलिकॉप्टरचं धड उलट्या दिशेने फिरायला बघतं. त्याला थोपवायला शेपटीवर छोटी पाती असतात. धड जरा जरी वळलं तरी जायरो ते ओळखतो आणि शेपटीच्या पात्यांचा कोन बदलायला सर्वो मोटारीला सांगतो. हे सेकंदात कितीतरी वेळा घडतं, माणसाच्या बोटांना ते जमत नाही.

आता जायरोच्या पोटात काय आहे? सिलिकॉनचा एक अगदी बारीक तुकडा, जो मुद्दाम सेकंदाला हजारो वेळा हलवलेला असतो. फिरत्या चक्रीवर तुम्ही मधून कडेकडे चालत गेलात की बाजूला ढकलल्यासारखं वाटतं ना? तसाच हा हलता तुकडा, हेलिकॉप्टर वळलं की बाजूला ढकलला जातो. ते ढकलणं मोजून वळण्याचा वेग कळतो. बऱ्याच मोबाईलमध्येही असाच जायरो असतो. म्हणजे गंमत बघा, थरथर हाच ज्याच्या कामाचा पाया, त्यालाच आपण थरथरणाऱ्या इंजिनाशेजारी बसवतो.

इंजिन किती थरथरतं? अशा मॉडेलमध्ये बहुतेक वेळा २३ ते ३० सीसीचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. मिनिटाला १२,००० फेरे धरले तर १२,००० ÷ ६० = २००, म्हणजे सेकंदाला २०० धक्के. मोठी पाती १,५०० फेऱ्यांवर असतील तर सेकंदाला २५. शेपटीची पाती त्यांच्या साधारण साडेचारपट, म्हणजे सेकंदाला ११२ च्या आसपास. एकाच वेळी तीन ढोल तीन लयींत वाजतायत असं समजा. त्यातला इंजिनाचा सगळ्यात हट्टी. एकटा पिस्टन वर-खाली पळतो, त्याला तोलायला क्रँकवर वजन ठेवतात. पण ते वजन गोल फिरतं, त्यामुळे वर-खालीचा धक्का पूर्ण घालवायला गेलं की तेवढाच आडवा धक्का तयार होतो. शेवटी मधला मार्ग काढावा लागतो आणि थोडी थरथर उरतेच. विजेच्या मोटारीत हे दुखणं नसतं.

जपानमध्ये यामाहा कंपनीने भातशेतीवर औषध फवारायला १९८७ पासून आर-५० हे मोठं बिनमाणसाचं हेलिकॉप्टर द्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये त्याला तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जोडली. १९९७ च्या आरमॅक्समध्ये २४६ सीसीचं इंजिन आहे, त्यात दोन सिलिंडर समोरासमोर. दोन्ही पिस्टन एकदम बाहेर, एकदम आत, म्हणून त्यांचे धक्के एकमेकांना बरेचसे मारतात. लहान मॉडेलला असली चैन सहसा नसते.

आता थरथरीने जायरो चुकतो कसा? मोटारसायकलचा आरसा थरथरला की मागची गाडी पुसट दिसते, ही पहिली चूक. सर्वो उगाच फडफडतात, तापतात. दुसरी जास्त वाईट. धक्के जायरोच्या मोजमापाच्या मर्यादेबाहेर गेले की वरचा भाग कापला जातो, दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत आणि सरासरी शून्य येत नाही. जायरोला वाटतं आपण हळूहळू वळतोय. तो नसलेली चूक दुरुस्त करायला जातो आणि शेपटी खरोखर सरकते! तिसरी तुम्ही पाहिलेली आहे. मोबाईलच्या व्हिडिओत पंखा उलटा किंवा संथ फिरताना दिसतो ना? सेकंदाला २०० धक्के असताना कोणी १९९ वेळाच बघितलं, तर त्याला सेकंदाला एक असा संथ झोका दिसेल. खरे जायरो याहून खूप जलद वाचतात, आत गाळणीही असते, पण धक्क्यांचे वरचे सूर कधी कधी निसटून आत येतात. गाळणी जास्त दाट केली तर उत्तर उशिरा मिळतं आणि शेपटी कुत्र्यासारखी हलायला लागते.

मग उपाय? इथे एक प्रयोग वर्गात जरूर करा. रबरबँडला कुलूप लटकवा. हात सावकाश वर-खाली केला तर कुलूप हाताबरोबर जातं. मधल्या एका लयीत ते वेड्यासारखं उसळतं. आणि हात थोडाच पण भराभर हलवला तर कुलूप जवळजवळ जागेवर राहतं. आता कुलपाच्या जागी खोडरबर बांधा. तो शांत होईल इतका भराभर हात हलवणं जमतच नाही.

जायरो या खोडरबरासारखा आहे, काही ग्रॅमचा. नुसत्या फोमच्या दुहेरी चिकटपट्टीवर तो पुरेसा वेगळा पडत नाही. म्हणून जाणकार पट्टी, मग धातूची छोटी चकती, वर पुन्हा पट्टी आणि त्यावर जायरो असं बसवतात. चकतीच्या वजनाने त्याची स्वतःची लय खाली येते आणि २०० च्या धक्क्यांना तो दाद देत नाही. फार मऊ केलं तर मात्र जायरोच डुलतो, तेही वाईट. पण हे सगळं नंतरचं. आधी इंजिनाचा थंड करणारा पंखा, क्लच, वाकलेला दांडा, पात्यांचं वजन हे तपासायचं. उगम सोडून गादी बदलण्यात अर्थ नाही.

आमच्या मैदानावर पंखा आणि क्लच नीट फिरत होते. जायरोखालची पट्टी मात्र उष्णतेने आणि तेलाने दगडासारखी कडक झाली होती. शिवाय वायरी ताणून टायने फ्रेमला आवळलेल्या, म्हणजे पट्टी बदलली तरी थरथर वायरीतून थेट आत गेलीच असती. त्याने वायरीला सैल वळण दिलं, पत्र्याची चकती कापली, नवी पट्टी लावली. खर्च शंभर रुपयांच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण वेगात असताना शेपटी जागच्या जागी होती. पोरं तेव्हाही भिंतीमागेच होती, आणि त्यांचा माझ्यावर अजून राग आहे.