घरबसल्या महाविद्यालय आणि कामकऱ्याचा वेळ

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीतला माणूस संपावर किंवा बोनसवर बोलेल अशीच त्यांची अपेक्षा असावी. परंतु आज आम्ही येथे कार्यकर्ता म्हणून नव्हे, तर एक विद्यार्थी म्हणून उभे आहो. दहावीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांवर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. अशा माणसाने वयाच्या ५४व्या वर्षी एका महाविद्यालयीन अभ्यासक्रमात नाव घातले आणि तेही घरबसल्या, हातातल्या फोनवर. त्या १२ आठवड्यांत जे उमजले, ते श्रोत्यांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

नाव घालण्याचे कारण साधे होते. केंद्र सरकारने २९ कामगार कायदे एकत्र करून ४ संहिता केल्या. त्यांपैकी एक २०१९ मध्ये व तीन २०२० मध्ये संसदेत संमत झाल्या. गेटवरच्या सभेत कामगार विचारू लागले, ‘साहेब, आता आमच्या ग्रॅच्युइटीचे काय?’ आम्ही जुन्या कायद्याच्या पाठांतरावर उत्तरे देत होतो. ते आता पुरणार नाही, हे ध्यानात आले. म्हणून आम्ही कामगार कायद्याचा एक अभ्यासक्रम निवडला.

प्रथम ही पद्धत कशी आहे ते सांगितले पाहिजे. दूर राहून शिकणे ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात आयझॅक पिटमन यांनी १८४० साली टपालाने लघुलेखन शिकवण्यास आरंभ केला. विद्यार्थी धडा गिरवून पाठवी व तो तपासून परत येई. १९६९ साली तेथे मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ पासून त्याचे विद्यार्थी रेडिओ व दूरदर्शनवरून शिकू लागले. आपल्या देशात १९८२ साली आंध्रात पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावाचे आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे. पुढे इंटरनेट आले. २००३ पासून आय.आय.टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांनी मिळून एनपीटेल नावाने आपली व्याख्याने सर्वांना खुली करण्याचे काम हाती घेतले आणि २०१७ साली सरकारने ‘स्वयम्’ हा मंच सुरू केला.

या अभ्यासक्रमांत साधारणतः असे असते. दर आठवड्याला काही व्याख्याने चित्रफितीच्या रूपाने येतात. आठवड्याच्या अखेरीस एक स्वाध्याय ठराविक तारखेच्या आत सोडवून पाठवावा लागतो. शंका लिहिण्यासाठी चर्चेचे पान असते. शेवटी प्रमाणपत्र हवे असेल, तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावयाची. शिकण्यास पैसा पडत नाही. वय, जात, मागील पदवी यांपैकी काहीही आम्हाला कोणी विचारले नाही. ज्या समाजात शाळेच्या उंबरठ्यावर माणसे अडवली गेली, त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे.

आणखी एक मोठा लाभ आम्हाला अनपेक्षितपणे मिळाला. वर्गात मास्तरांना ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याची लाज वाटे. एकदा म्हणावे, दुसऱ्यांदा पोरे हसत. येथे मात्र प्राध्यापकांना आम्ही एका वाक्यावर ७ वेळा थांबवले आणि ७ वेळा मागे नेले. ते एकदाही रागावले नाहीत! ज्याचे इंग्रजी अर्धेकच्चे आहे, त्याला ही सोय म्हणजे केवढा आधार, हे इंग्रजी शाळेत शिकलेल्यास कळणे कठीण आहे.

एवढे सर्व असूनही चौथ्या आठवड्यात आमचे गाडे अडले. एका कारखान्यातील वेतनकराराच्या वाटाघाटी त्या आठवड्यात रात्री अकरा-अकरापर्यंत चालल्या. घरी येऊन फोन उघडला, तो स्वाध्यायाची मुदत टळून गेली होती. वर्गातल्या मास्तरांना कारण सांगता येते. यंत्राला कोण सांगणार? सहाव्या आठवड्यात आम्ही चर्चेच्या पानावर एक प्रश्न लिहिला: ठेकेदार दरवर्षी बदलतो, परंतु कामगार, यंत्र व जागा तीच राहते, तर त्याची सलग नोकरी कोणत्या दिवसापासून मोजावी? या प्रश्नाला अभ्यासक्रम संपेपर्यंत उत्तर आले नाही. स्वाध्यायात मात्र कोणती व्याख्या कोणत्या कलमात आहे, हे चार पर्यायांतून ओळखावयाचे होते. आम्ही ते ओळखले आणि गुणही मिळाले. पण गेटवर विचारणाऱ्याला ते गुण काय कामाचे?

पिटमन यांच्या पद्धतीचा जीव टपालात नव्हता. तपासून परत येणाऱ्या कागदात होता. आपला कागद कोणीतरी वाचला, चूक दाखवली, एवढ्या आधारावर विद्यार्थी पुढचा धडा उघडतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने अभ्यासकेंद्रे व समंत्रक ठेवले, संपर्कसत्रे ठेवली, ती याच कारणाने. जेथे हा परतीचा कागद नाही, तेथे काय होते, हे जगाने पाहिले आहे. २०११ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला अभ्यासक्रम सर्वांना खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव घातले. शेवटपर्यंत पोचले सुमारे २३ हजार.

मधेच सोडणारे आळशी, असा निवाडा या ठिकाणी सहज दिला जातो. आम्हाला तो मान्य नाही. आमच्याबरोबर नाव घातलेल्या तिघा कामगारांपैकी दोघांनी तिसऱ्या आठवड्यात सोडले. त्यांतला एक रात्रपाळीचा. सकाळी घरी आल्यावर तो पाणी भरी, मुलांना शाळेत पोचवी आणि मग चित्रफीत लावून त्याच खाटेवर झोपी जाई. दुसऱ्याच्या घरी फोन एकच, आणि संध्याकाळी तो मुलीच्या अभ्यासाला लागे. यांत आळस कोठे आहे? पूर्वी शाळा दूर होती म्हणून माणूस शिकत नसे. आता शाळा उशाशी आली, परंतु उशाशी आलेल्या माणसाच्या अंगात जागण्याची शक्ती उरलेली नाही. अंतर सरले, थकवा सरला नाही.

१८१७ साली रॉबर्ट ओवेन यांनी दिवसाचे तीन समान भाग मागितले: ८ तास काम, ८ तास विश्रांती व ८ तास माणसाचे स्वतःचे. कामगार चळवळीने पहिल्या भागासाठी शंभर वर्षे झगडा केला. आमचे म्हणणे असे की, तिसऱ्या भागाकडे आम्हा कार्यकर्त्यांचेही दुर्लक्ष झाले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९७४ साली शिक्षणासाठी सवेतन रजेचा ठराव केला. तो १४० क्रमांकाचा. आम्ही आजवर जेवढ्या करारांवर सह्या केल्या, त्यांपैकी एकातही असे कलम घातले नाही. मालकाने नाकारले म्हणून नव्हे. आम्ही मागितलेच नाही. हा दोष आमचा आहे आणि तो येथे कबूल केला पाहिजे.

आता आमचा अभ्यासक्रम पुरा कसा झाला ते सांगतो. सातव्या आठवड्यापासून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पाचजण युनियनच्या कचेरीत बसू लागलो. सोडून गेलेले दोघे परत आले. एका तरुण फिटरने फोन टीव्हीला जोडून दिला. एकाने इंग्रजी वाचावे, दुसऱ्याने मराठीत सांगावे, तिसऱ्याने शंका काढावी, असा क्रम पडला. ग्रॅच्युइटीचा धडा आला तेव्हा रात्रपाळीवाल्याने आपला हिशेबाचा कागद खिशातून काढला. महिन्याचा पगार २६ने भागून, त्याला १५ने व नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे, असा नियम आहे. त्याच्या कागदावर भागाकार ३०ने केलेला होता. हिशेबासाठी १३ हजार पगार धरला, तर २६ने भागून वर्षाला ७,५०० रुपये होतात; ३०ने भागून ६,५००. दहा वर्षांच्या नोकरीत १० हजारांचा फरक पडतो. तो कागद त्याच्या खिशात महिनाभर होता आणि ते व्याख्यानही तितकेच दिवस त्याच्या फोनमध्ये होते. एकाच माणसाजवळ असूनही दोहोंची गाठ पडली नव्हती. ती पाचजणांत पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज लिहिला.

परीक्षेच्या केंद्रावर पहारेकऱ्याने आम्हाला विचारले, ‘मुलाला सोडायला आलात का?’ आम्ही प्रवेशपत्र दाखवले. शेजारच्या आसनावर आमच्या मुलीच्या वयाची एक विद्यार्थिनी होती. आम्ही उत्तीर्ण झालो. गुण सांगण्याजोगे नाहीत, लपवण्याजोगेही नाहीत.

जोतीराव व सावित्रीबाईंनी १८५५ साली आपल्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवस मालकाचा असला, तरी रात्र शिकणाऱ्याची करता येते, हे त्यांनी ओळखले होते. आणि शिकणाऱ्याला घरात, माणसांत बसवले पाहिजे, हेही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही महाविद्यालयाचे दार न पाहिलेल्यांना ज्ञान मिळावे म्हणूनच नव्हे काय? अशा मालेतून घरी जाताना श्रोते वाटेत वाद घालतात. निम्मे शिक्षण त्या वाटेवर होते.

घरबसल्या महाविद्यालयाला ती वाट नाही. ती आपण बांधली पाहिजे. ज्या श्रोत्यांच्या घरी, आळीत वा कारखान्यात कोणी असा अभ्यासक्रम घेत असेल, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, त्याला एकटे सोडू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि एक खोली द्यावी. आमच्यापुरते सांगावयाचे, तर येत्या करारात आम्ही अभ्यासाच्या रजेचे कलम मांडणार आहो. आणि शनिवारी आमची कचेरी उघडी असते.