बंब, बॉयलर आणि फिरता पंप

साताऱ्या-सांगलीकडे घर तापवण्याची वेळ सहसा येत नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा गारठा सोडला, तर शेकोटी आणि घोंगडीवर आपले भागते. पण आता अनेक घरांतली मुले इंग्लंड-जर्मनीत असतात आणि आई-वडील तिकडे जाऊन राहतात. मुलगा-सून कामावर गेल्यावर घर एकाएकी गार पडले, की काय करावे ते सुचत नाही. म्हणून या यंत्रणेची आज ओळख करून घेऊ. ती वाटते तितकी परकी नाही.

आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वरून थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर पडते. उष्णता जाळाची, पण ती बादलीपर्यंत पोचते तुमच्या ओतण्यामुळे. ओतणे थांबले आणि जाळ चालूच राहिला, तर बंब खदखदू लागतो.

तिकडच्या घरात बॉयलर म्हणजे हा जाळ आणि पंप म्हणजे ओतणारा हात. फरक इतकाच, की तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते. बॉयलरमध्ये तापते, नळांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये जाते, तिथे ऊब देते आणि कोमट होऊन परत येते.

पंप म्हटले की आपल्याला विहीर दिसते. त्यात नवल नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातच आहे. विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे ३,७०० वॉटचा. घरातल्या या फिरत्या पंपाला मात्र बहुधा काही दहा वॉट पुरतात. मग तो वरच्या मजल्यावर पाणी चढवतो कसा? जत्रेतला पाळणा पाहा. उतरणारी माणसे चढणाऱ्यांना तोलून धरतात, पाळणेवाल्याला फक्त रेटा द्यावा लागतो. बंद नळांतही उतरणारे पाणी चढणाऱ्याला तोलते. पंपाला फक्त नळांतले घर्षण जिंकायचे असते.

तरी हा छोटा पंप थांबून चालत नाही. बॉयलर दहा किलोवॉटचा असेल आणि पाणी वीस अंशांनी निवून परतत असेल, तर मिनिटाला सुमारे सात लिटर पाणी फिरलेच पाहिजे. नाहीतर उष्णता बॉयलरमध्येच साठते. म्हणून साधारणपणे आधी पंप सुरू होतो, मग ज्योत पेटते. बंद होताना आधी ज्योत विझते आणि उरलेली धग वाहून न्यायला पंप काही मिनिटे फिरत राहतो. ती घरघर म्हणजे बिघाड नव्हे. पाणी फिरायचे थांबले आणि तापमान फार चढले, तर सुरक्षेची कळ ज्योत तोडते.

आपल्या गच्चीवरच्या सौर बंबाला बहुधा पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, म्हणून टाकी पट्ट्यांपेक्षा उंच ठेवतात. टाकी खाली ठेवायची झाली, की तिथेही पंप आलाच.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. बॉयलरजवळचा नळ कढत आणि सगळे रेडिएटर गार, तर पाणी फिरत नाही. पंप अडकला असेल किंवा हवा कोंडली असेल. एकच रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल, तर त्यात हवा आहे. ती काढायला कडेला छोटा स्क्रू असतो. पाणी गार असताना दाबाचा काटा बहुतेक घरांत एक ते दीड बारवर असतो. बॉयलर आपणहून बंद पडत असेल, तर सुरू करण्याचे बटण पुन्हापुन्हा दाबू नका, जाणकाराला बोलवा. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण न दाबता खिडक्या उघडा, घराबाहेर पडा आणि मगच फोन करा.

आणि इथल्या मंडळींसाठी एक. सौर बंबाच्या टाकीवर हवेची उघडी नळी असते. पाणी उडते म्हणून तिला बूच मारू नका. कोंडलेल्या वाफेला वाट हवीच.