बाह्य तबकडीवरून संगणकाचा प्रारंभ : दोषनिदानाची दिशा

संशोधनाचे सर्व साहित्य, त्यासाठी लागणारे आज्ञासंच आणि स्वतःची कार्यप्रणाली एका बाह्य तबकडीवर ठेवून कोणत्याही संगणकावर काम करण्याची पद्धत आता विद्यार्थ्यांत चांगलीच रुळली आहे. (या 'तबकडी'त आता पुष्कळदा फिरणारे असे काहीच नसते, नाव मात्र टिकून आहे.) अशा तबकडीवरून एखादे दिवशी संगणक सुरू होईनासा झाला, की ती पुसून कार्यप्रणाली नव्याने बसविण्याकडे सर्वसाधारण कल असतो. हा उपाय अविचाराचा होय. त्याने दोषाचा पुरावा नाहीसा होतो आणि पुष्कळदा प्रबंधाची सामग्रीही.

प्रारंभक्रिया ही एक साखळी आहे. यंत्राच्या मुख्य फलकावरील अंगभूत आज्ञासंच प्रथम जागा होतो, तो तबकडीवरील प्रारंभक शोधतो, प्रारंभक कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो आणि गाभा आपली उरलेली सामग्री पुन्हा त्याच तबकडीवर शोधतो. येथे 'पुन्हा' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकच तबकडी दोनदा शोधली जाते, आणि दोन्ही वेळी शोधणारा निराळा असतो. म्हणून पहिला शोध यशस्वी व दुसरा अयशस्वी असे सहज घडू शकते. साखळी कोठपर्यंत पोचली हे पाहणे, हाच निदानाचा पहिला प्रश्न.

प्रारंभसाधनांच्या यादीत तबकडीचे नावच दिसत नसेल, तर कारण बहुधा साधे असते. यूएसबी २.० च्या छिद्रातून ५०० व ३.० च्या छिद्रातून ९०० मिलिअँपिअर इतका प्रवाह प्रमाणाने ठरलेला आहे. फिरत्या तबकडीला गती घेताना तो अपुरा पडू शकतो. मधला हब काढून तबकडी सरळ यंत्राला जोडावी, केबल बदलून पाहावी.

नाव दिसते, पण प्रारंभ होत नाही, ही अवस्था अधिक विचारणीय आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली बायोस पद्धत तबकडीच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात प्रारंभक शोधते. यूईएफआय ही नवी पद्धत त्या खंडातील आज्ञा चालवीतच नाही. ती फॅट पद्धतीने आखलेल्या एका लहान विभागातील फाइल शोधते. जुन्या पद्धतीने सिद्ध केलेली तबकडी केवळ यूईएफआय जाणणाऱ्या यंत्रावर सुरू होणार नाही, हे उघड आहे. तबकडी निर्दोष असते, यंत्रही निर्दोष असते. दोघांची भाषा मात्र निराळी.

याहून फसवा प्रकार लिनक्स वापरणाऱ्यांस भेटतो. उबंटूच्या स्थापनाकाराने, कार्यप्रणाली बाह्य तबकडीवर बसवूनही, प्रारंभक मात्र यंत्राच्या आतील तबकडीवरील यूईएफआय विभागात ठेवल्याचे अनेकदा आढळले आहे. त्या यंत्रावर सर्व सुरळीत चालते. दुसऱ्या यंत्रावर तबकडी मुकी राहते. बाह्य साधनासाठी यूईएफआयने एक ठरीव ठिकाण नेमले आहे : 'ईएफआय' या कप्प्यातील 'बूट' कप्पा, व त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाइल. ती बाह्य तबकडीवर आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. नसल्यास प्रारंभक तेवढा नव्याने बसवावा. कार्यप्रणालीला हात लावण्याचे कारण नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' सर्वत्र आले. मान्य स्वाक्षरी नसलेला प्रारंभक ते नाकारते. ते बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु आतील तबकडी बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर असा बदल होताच विंडोज ४८ अंकी पुनःप्राप्ती-संख्या मागू शकते. ती हाताशी नसेल, तर बाहेरच्या तबकडीसाठी आतली गमावण्याची वेळ येते. संख्या प्रथम मिळवावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे, मगच बदल करावा.

दुसऱ्या शोधातील अपयश पडद्यावर ओळखू येते. साध्या पद्धतीने बसविलेली विंडोज यूएसबीवरून चालावी अशी तिची रचनाच नाही. प्रारंभाची तबकडी गवसत नाही असे सांगून ती थांबते. लिनक्समध्ये मूळ विभाग 'एसडीबी' अशा नावाने नोंदविला असेल, तर दुसऱ्या यंत्रावर तेच नाव भलत्याच तबकडीला मिळते. विभागाच्या यूयूआयडी या स्थिर ओळखसंख्येने नोंद करणे हा त्यावरील उपाय.

अ‍ॅपलच्या यंत्रांची रीत निराळी आहे. टी२ चिप असलेल्या यंत्रांत बाह्य प्रारंभ मुळातच निषिद्ध ठेवलेला असतो. पुनःप्राप्ती-अवस्थेत जाऊन तो मोकळा करावा लागतो. २०२० पासूनच्या अ‍ॅपल-निर्मित प्रक्रियकांच्या यंत्रांत प्रारंभाचे पहिले पाऊल नेहमी आतील संचयावरच पडते. तो संचय निकामी झाल्यास बाह्य तबकडी उपयोगी पडत नाही. ती 'आणीबाणीची' म्हणून बाळगणाऱ्यांनी हे जाणून असावे.

कोणताही उपाय योजण्यापूर्वी तबकडी दुसऱ्या चालू संगणकाला साधे साधन म्हणून जोडावी व सामग्रीची प्रत काढून घ्यावी. तो संगणक विंडोजचा असल्यास, लिनक्सचा विभाग न ओळखल्यामुळे 'ही तबकडी वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी काय?' अशी पृच्छा तो करील. तेथे नकारच द्यावा, आणि प्रत काढण्यासाठी लिनक्स चालणारे यंत्र गाठावे.